आईला दिलेली आफिया

नट म्हणवणाऱ्या पोरांबद्दल मला कुणी विचारू नये. माझं तोंड आवरत नाही. कैरोत हरम रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे आणि त्याच्या गच्चीवर एक खोली. जवळच अभिनय शिकवणारी संस्था असल्यामुळे त्या खोलीत वर्षानुवर्षं हीच जमात राहत आली आहे. येमेनचे आले, सुदानचे आले, लिबियाचे आले. प्रत्येक जण येताना उद्याचा मोठा नट असतो आणि जाताना माझी एखादी उशी नाहीतर चहाची किटली घेऊन जातो. पण झुहैरसारखा नमुना मी दुसरा पाहिला नाही. आणि दुर्दैव असं की तो माझ्याच देशाचा निघाला.

मी मूळची मोरोक्कोतल्या फेसची. लग्न होऊन कैरोला आले तेव्हा माझे केस काळे होते. नवरा सय्यद इस्त्रीवाला होता. तो गेला, दुकान गेलं, मी आणि गच्ची उरलो. बाजारात मी कैरोच्या बोलीत बोलायचे आणि नवऱ्याशी भांडायचे मात्र फेसच्या. त्याला काही कळायचं नाही, तेवढाच संसार सुखाचा झाला.

झुहैर फेसच्या शेजारच्याच ताझा गावचा. त्याची आई यम्ना तिथल्या बस थांब्याजवळ तवा मांडून घडीच्या पोळ्या विकायची. लोणी लावून चौकोनी घडी घातलेल्या आमच्याकडच्या पोळ्या, सकाळच्या बसला जाणारे लोक उभ्याउभ्या खातात. त्या तव्यावर या चिरंजीवांचं परदेशी शिक्षण चाललं होतं. पहिल्या दिवशी दारात एक पिशवी आणि एक भुवई घेऊन तो उभा राहिला. पिशवी फाटकी होती, पण भुवई कायम वर. मला म्हणाला, "खालती बतूल, तुम्हीच ना?" खालती म्हणजे मावशी. कैरोत मला सगळे हग्गा म्हणतात, म्हणजे हाजीबाई. इतक्या वर्षांनी खालती ऐकलं आणि मी पाघळले. त्याच दिवशी त्याला जेवायला घातलं, तिथून ती सवय त्याने सोडली नाही.

गरिबीला मी कधी हसत नाही, मीही काही राजवाड्यात जन्मले नाही. पण या मुलाची गरिबीसुद्धा नाटकी होती. रोज बाकल्याची उसळ आणि पाव खायचा, आणि संस्थेत सांगायचा की शरीर हलकं ठेवतोय, भूमिकेसाठी. बूट एकच जोड, तो हातात धरून चपला घालून जायचा आणि संस्थेच्या फाटकाशी बूट चढवायचा. माझ्या गॅसवर चहा उकळायचा आणि वर मलाच सांगायचा, "शेगडीशी असं उभं राहू नका, प्रकाश अडतोय." आई ताझाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर डबा पाठवायची, त्यात बदाम-तीळ घालून भाजलेल्या पिठाचा सेल्लू असायचा. तो तेवढा दार लावून एकटा खायचा.

त्याचा उत्तम अभिनय मी पाहिला तो लग्नांत. आमच्या गल्लीत लग्न निघालं की रस्त्यातच मांडव पडतो, दिवे लागतात, आणि कोण कुणाचा पाहुणा हे कुणाला ठाऊक नसतं. झुहैर इस्त्रीचा शर्ट घालून आत शिरायचा. कधी नवऱ्या मुलाचा कुवेतहून आलेला मित्र व्हायचा, कधी मुलीच्या मामाचा जावई. एकदा तर नवऱ्या मुलाच्या बापाला मिठी मारून खरोखरीचे अश्रू काढले, आणि त्या बिचाऱ्यानेही रडत रडत त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला. मी म्हटलं, "लेका, हे जर रंगमंचावर करशील तर नाव काढशील." तर म्हणतो, "तिथे पोट भरलेलं असावं लागतं, खालती." त्या दिवशी मला तो थोडा आवडला होता. नंतर तेही संपलं.

संपवलं ते उस्ताज फिकरींनी. हे गृहस्थ संस्थेत आवाज आणि उच्चार शिकवायचे. स्वतःचा आवाज असा की दुधाची साय गिळून आल्यासारखा. दाढी कोरलेली, बोटात चांदीची अंगठी, आणि आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी भूमिका म्हणजे एका मालिकेतलं प्रेत. झुहैरने वर्गात पहिल्यांदा उतारा म्हटला तेव्हा हे म्हणाले, "बाळ, तुझं बोलणं म्हणजे घशात अडकलेलं हाड. आधी तोंड धुऊन ये, मग अभिनय करू." वर्ग हसला. झुहैरने मला हे घरी येऊन फिकरींची नक्कल करत सांगितलं, आणि मीही हसले. पण त्याच संध्याकाळपासून तो खरंच तोंड धुवायला लागला.

म्हणजे असं, की ताझाचा एकेक शब्द त्याने काढून टाकला. आरशासमोर उभा राहून कैरोचे उच्चार घोटायचा. आमच्याकडच्या बायका अक्रोडाची साल चघळून ओठ रंगवतात तसं त्याने ते बोलणं तोंडाला लावलं, आणि मग ते निघेचना. मी फेसच्या बोलीत विचारायचे, तो कैरोच्या बोलीत उत्तर द्यायचा. एक दिवस मला म्हणाला, "तांत, पाणी आलंय का?" तांत! ही इथल्या शिकलेल्या पोरांची हाक, शेजारच्या बाईला मारायची. खालतीची मी तांत झाले.

"मेल्या, तांत कुणाला म्हणतोस?"

"सवय ठेवावी लागते. एकदा जीभ वळली की पुन्हा घसरते."

"मग घसरू दे की. घरातच घसरतेय ना?"

"नट घरात आणि बाहेर वेगळा नसतो, तांत."

हे वाक्यही फिकरींचंच होतं. या मुलाजवळ स्वतःचं असं काही असेल तर ती भुवई.

आईशीसुद्धा तो तसाच बोलायला लागला. यम्नाला कैरोचं कळायचं, तिकडे प्रत्येक घरात इथल्या मालिका चालतात. पण एक दिवस तिने मला फोन केला. लल्ला म्हणजे आमच्याकडचं बाईसाहेब. बिचकत म्हणाली, "लल्ला बतूल, एक विचारू? झुहैर माझ्यावर रागावलाय का?"

"का गं बाई?"

"टीव्हीतल्या माणसासारखा बोलतो. परक्या बाईशी बोलावं तसा. मला वाटलं, मागच्या खेपेला सेल्लूत साखर कमी पडली म्हणून असेल."

मी त्याला हे शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "तिला सवय होईल."

शिक्षणाचं शेवटचं वर्ष आलं. संस्थेतून बाहेर पडला की इथे राहायची परवानगी संपणार, आणि हाती काम नसेल तर ताझाला परत, आईच्या तव्यापाशी. हे भूत त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. तेवढ्यात रमझानच्या एका मालिकेसाठी मोरोक्कन मांत्रिक हवा असल्याची बातमी आली. इथल्या मालिकांत मोरोक्कन माणूस म्हणजे मांत्रिकच, पुरलेलं धन काढणारा आणि बायकांना ताईत देणारा. मोरोक्कोत शिंपी, मास्तर, दंतवैद्य होतच नसावेत. आणि मोरोक्कन संवाद लिहायला बोलावलं कुणाला, तर उस्ताज फिकरींना. आंधळ्याला कंदील दाखवायला सांगावं तसं.

जो मुलगा तीन वर्षं आपण मोरोक्कन असल्याचं लपवत होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच तिकडे जाऊन उभा राहिला. भूमिका मिळाली. कागद घेऊन आला आणि गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करू लागला. मी कपडे वाळत घालत होते. प्रसंग असा होता की मांत्रिक घर सोडून निघतो आणि म्हाताऱ्या आईचा निरोप घेतो. झुहैरने हात पसरले आणि म्हणाला, "माये, अल्ला तुला आफिया देवो."

माझ्या हातातली चादर खाली पडली.

आता हे समजून घ्या. कैरोत आफिया म्हणजे तब्येत, ताकद, खुशाली. कुणालाही द्यावा असा आशीर्वाद. पण आमच्या मोरोक्कोत आफिया म्हणजे जाळ. चुलीतला जाळ, घराला लागते ती आग. तिथे आईला कुणी असं म्हटलं तर शेजारी धावून येतील, मुलाच्या थोबाडीत मारायला.

"काय म्हणालास तू?"

"लिहिलंय ते."

"लिहिलंय म्हणून आईला आग लागो म्हणणार? फिकरीला सांग, शब्द बदल म्हणावं. एक शब्द!"

"त्यांना सांगू? त्यांनी लिहिलेलं चूक म्हणून? तांत, या भूमिकेसाठी बाहेर रांग आहे."

"आणि यम्ना बघेल तेव्हा?"

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "आई समजून घेईल. नाटक आहे ते." आया समजून घेतात, या एका भरवशावर जगातले सगळे नालायक मुलगे मोठे होतात.

मालिकेतली आई मुकी बसून राहणारी होती. मोरोक्कन कफ्तान घातलेली एखादी म्हातारी हवी होती. झुहैरने माझं नाव पुढे केलं, कारण कफ्तान माझा घरचा होता आणि त्यांचा खर्च वाचणार होता. मी गेले. मला बघायचंच होतं, हा माझ्या तोंडावर ते म्हणतो का.

तिथे त्याला काजळ घातलं होतं, डोक्यावर हे एवढं पागोटं, खांद्यावर पेंढा भरलेलं घुबड. फिकरी खुर्चीत बसून बोली शिकवत होते. "आणखी मोरोक्कन कर, बाळ. स्वर गिळ. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वाखा म्हण." वाखा म्हणजे आमच्याकडचं "बरं". वाक्यावाक्याला बरं-बरं करणाऱ्या माणसाला आमच्याकडे खुळा समजतात. ताझाचा मुलगा मान डोलावून हे शिकत होता. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याला कळलं. तो म्हणाला, "उस्ताज, तो एक शब्द... आमच्याकडे जरा..."

"आमच्याकडे काय?" फिकरींनी विचारलं.

सगळे थांबले. झुहैरची भुवई त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आलेली मी पाहिली.

"काही नाही, उस्ताज. हाजिर, लिहिलंय तसंच म्हणतो."

आणि कॅमेऱ्यासमोर त्याने माझे हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "माये, अल्ला तुला आफिया देवो, वाखा?"

मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण फेसची बाई गप्प कशी बसेल! मी फेसच्या बोलीत खणखणीत म्हटलं, "तुलाच देवो लेका, आणि हे लिहिणाऱ्याच्या दाढीलाही!"

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "वा! काय म्हणाली ही?"

सगळ्यांनी फिकरींकडे पाहिलं. मोरोक्कन भाषेचे ते जाणकार क्षणभरही अडखळले नाहीत. "आशीर्वाद दिला. तुझ्या दाढीला बरकत येवो. त्यांच्याकडे असंच म्हणतात."

"राहू द्या, राहू द्या! अस्सल आहे!" दिग्दर्शक म्हणाला. तसंच राहिलं.

रमझानात ते दाखवलं. झुहैरने मित्र गोळा करून माझ्याच टीव्हीवर पाहिलं, माझ्याच खजुरांवर उपास सोडून. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मला विचारलं, "तांत, मी दिसलो कसा?" मी म्हटलं, "घुबड बरं दिसलं."

दुसऱ्या दिवशी यम्नाचा आवाजी निरोप आला. मी तो गच्चीवर नेऊन त्याला ऐकवला. एकदाची लाज वाटू दे मेल्याला, म्हणून.

यम्ना म्हणत होती, "लल्ला बतूल, सगळी गल्ली माझ्या घरी बसून बघत होती. सगळे हसले. म्हणाले, यम्ना, पोराने तुला जाळ दिला की गं! मी म्हटलं, देऊ दे. आपल्या बोलीत दिला ना? किती दिवसांनी तो आपल्या बोलीत बोलला. कोण तो पागोट्यातला माणूस, मला ओळखूच आला नाही आधी. पण माये म्हणाला, तेव्हा ओळखलं. तुम्ही त्याला जेवायला घालता, अल्ला तुमचं भलं करो."

झुहैर पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. त्याने निरोप पुन्हा लावला. मग स्वतःचा फोन काढला आणि आईला लावला. मी जायला हवं होतं, पण गेले नाही. तमाशा बघायची सवय मला या नटांनीच लावली.

"माये," तो म्हणाला. एवढा शब्द नीट आला. मग तो बोलू लागला. स्वर गिळत, शब्द ओढत, फिकरींनी शिकवलं तस्सं. मध्ये थांबला, खाकरला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. "माये, मी चुकलो, वाखा? रागावू नकोस, वाखा?" तो तोंडात काहीतरी शोधत होता आणि ते सापडत नव्हतं.

फोनवर यम्ना खदखदून हसत होती. मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं.

"अगं बाई, अगदी त्या टीव्हीतल्या मांत्रिकासारखं! हुबेहूब बोलतोस रे. आता पुरे कर मस्करी. आता तुझ्या आवाजात बोल."