मधल्या रेषेपलीकडची विमल

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन तिच्या भाच्याचा होता. "मावशी, आत्या गेली... झोपेतच," एवढंच तो बोलला. मला लगेच रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलंच नाही. झोपेत, कुणाला न सांगता निघून जाणं ही विमलची रीतच नव्हती. ती कुठंही जायची ती छातीभर दम घेऊन, मोठ्यानं ओरडत, समोरच्याला बजावून. आता महिना उलटून गेलाय. रोज ठरवते की तिच्याबद्दल शांतपणे लिहायचं, पण लिहायला बसलं की छातीत पुन्हा तीच धडधड सुरू होते. साताऱ्याच्या मैदानावर झाली होती, अगदी तीच.

आमचं गाव आष्ट्याजवळचं. उसाचं, बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी. बहात्तरचा दुष्काळ सरून थोडाच काळ झाला होता आणि आमच्या हायस्कुलात मिरजेहून मुल्ला सर ड्रिलमास्तर म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी मुलींचा कबड्डीचा संघ काढायचं मनावर घेतलं. तोवर हुतूतू म्हणजे पोरांचा खेळ. पोरींनी अर्ध्या चड्डीत उड्या मारायच्या म्हटल्यावर गावात गहजब झाला. माझे वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले, शिस्तीचे भोक्ते, म्हणून मला परवानगी मिळाली. शैला आली, कारण तिचे वडील संस्थेचे चेअरमन, उसाचे मोठे बागायतदार. त्यांची मुलगी खेळते म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं बंद झाली. आणि विमल कांबळे आली ती बौद्धवाड्यातून. तिची आई चंद्राबाई शैलाच्याच रानात ऊस तोडायला जायची. सडपातळ, काळीसावळी, डोळे सतत कुठंतरी वाट शोधत असलेले... ती आली आणि सगळ्यांत मागे उभी राहिली.

पहिल्या दिवशी सरांनी तिलाच चढाईला पाठवलं. ती रेषा ओलांडून आमच्या अंगणात शिरली आणि आम्ही सगळ्या मागे सरकलो. खेळ म्हणून नव्हे, सवयीनं. तिला धरायचं म्हणजे तिच्या अंगाला अंग लावायचं. कुणाचाच हात पुढे होईना. ती एकेकीला शिवत गेली, आरामात, जणू बाजारातून फिरून यावं तशी, आणि परत आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. आम्ही साती जणी बाद. सर रागावले नाहीत. रुमालानं मान पुसत म्हणाले, "पोरींनो, हा खेळ असाच हाय बघा. नुसतं शिवून घेतलं की मेलात. वाचायचं असंल तर धरायला लागतंय." पुढच्या चढाईला शैलानं खाली झेप टाकून विमलचा घोटा धरला. मागोमाग मी कमरेला मिठी मारली. आम्ही तिघी धुळीत आपटलो. विमल खालून हसत होती, आणि तिच्या हसण्यानं माझं पोटही हलत होतं, एवढ्या आम्ही जवळ होतो.

त्या दिवसापासून आमच्या घराच्या मागच्या दारी पाण्याचा हंडा तापू लागला. सरावाहून आले की अंघोळ केल्याशिवाय आई घरात घेत नसे. मी हे विमलला सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हेच तेव्हा कळत नव्हतं. ती म्हणाली, "मंदे, तुझी आई लय चांगली हाय गं. माझ्यामुळं तुला रोज ऊन पाणी मिळतंय. आमच्यात सरपणच पुरत न्हाई." आम्ही हसलो.

पण विमलला अडवणारे फक्त वरच्या आळीतच होते असं नाही. तिच्या घरी तिचा भाऊ शिकणार हे ठरलेलं होतं आणि विमलचं लग्न होणार हेही ठरलेलं होतं. तिचे वडील म्हणायचे, धर्म बदलला, देव सोडले, आता शिकायचं. पण हे "शिकायचं" मुलापाशी येऊन थांबायचं. विमल मला एकदा म्हणाली होती, "तुमच्या आळीत मी कांबळ्याची हाय आणि आमच्या घरात मी पोरगी हाय. मोकळी कुठं हाय, सांग की. ह्या चौकोनात तेवढी."

त्या चौकोनात ती काय व्हायची... इस्लामपूरला तालुक्याचे सामने झाले, सांगलीला जिल्ह्याचे. दोन्हीकडे लोक उठून उभे राहिले. ती पळायची नाही, वाहायची. आणि मग साताऱ्याच्या विभागीय सामन्यांचं बोलावणं आलं, तसं चेअरमननी सरांना बोलावून घेतलं. परगावी राहायचं, एका पंगतीत जेवायचं, लोक चार गोष्टी बोलणार. कांबळ्याच्या पोरीला यंदा राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग संघच राहू दे, साहेब." सरांची नोकरी चेअरमनच्याच हातात होती, तरी म्हणाले. घरी शैलानं दोन दिवस जेवण सोडलं. चेअरमन मुलीवर जीव टाकणारे. त्यांनी हात टेकले.

साताऱ्यात आम्ही एका शाळेच्या वर्गात उतरलो. अंतिम सामना यजमान संघाशी पडला. त्या शहरातल्या मुली, पायात कॅनव्हासचे बूट. आम्ही अनवाणी. अजिंक्यतारा समोर उभा, मैदानाभोवती दोरखंडाला रेलून गर्दी, आणि सगळी गर्दी त्यांची. पहिल्या डावात त्यांनी आम्हा सगळ्यांना बाद करून लोण चढवलं. मध्यंतरात आम्ही खाली माना घालून बसलो होतो, तर विमल म्हणाली, "रडायचं काय त्यात? त्या पोरी मला धरायला भीत न्हाईत, कुणाला म्हाईत हाय हितं मी कोण ते. लय मजा येतीय." सामना हरत चाललेला आणि हिला मजा येत होती. तिला पहिल्यांदाच सगळे फक्त खेळाडू म्हणून धरत होते, पाडत होते.

दुसऱ्या डावात एकेक गुण आम्ही ओढून आणला. शेवटी बरोबरी, आणि शेवटची चढाई विमलची. आजही ती चढाई सांगायला लागले की मी खुर्चीवरून उठते. ती डाव्या कोपऱ्यात घुसली, एकीला पाय लावला, आणि वळते तोच दोघींनी मांड्या धरल्या, तिसरी पाठीवर पडली, चौथी आली. विमल जमिनीवर. तोंडात माती, पण आवाज सुटला नव्हता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... मुंगी साखरेचा दाणा ओढते तशी ती त्या चौघींना घेऊन सरकत होती. गर्दी एकदम गप्प झाली. नुसता तिचा आवाज. मग हात लांबला, बोटं लांबली, आणि मधल्या रेषेला तिच्या बोटाचं टोक लागलं. पंचांनी शिट्टी मारली आणि हात आमच्या बाजूला केला. पुढचं मला आठवत नाही. मुल्ला सर खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते, तेवढं आठवतं.

सामना संपल्यावर त्यांची कप्तान आली आणि विमलचा हात हातात घेऊन हलवत राहिली. झकास खेळलीस म्हणाली, नाव विचारलं, मग आडनाव. विमलनं सांगितलं. रात्री वर्गात शेजारी शेजारी पडलो तेव्हा विमल छताकडे बघत मला म्हणाली, "हात सोडला न्हाई गं तिनं. पर ढिला झाला. पकड ढिली झाली की मला लगी कळतंय."

गावात मात्र आमचं स्वागत दणक्यात झालं. चेअरमननी स्वतःचा ट्रॅक्टर पाठवला होता. ट्रॉलीत आम्ही, ढाल विमलच्या हातात, पुढे हलगी, अंगभर गुलाल. मिरवणूक चावडीपाशी आली आणि ड्रायव्हर देवळाकडे वळवू लागला. विमल म्हणाली, "तात्या, आमच्या घरावरनं न्या की." ड्रायव्हर घुटमळला. हलगी थांबली. तशी शैला उभी राहिली आणि म्हणाली, "वळवा. आमचाच ट्रॅक्टर हाय नव्हं?" ट्रॅक्टर वळला. गावाची मिरवणूक बौद्धवाड्यात शिरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. चंद्राबाई दारात उभ्या होत्या. उसाच्या पाचटानं चरचरलेले हात, त्या हातात पाण्याचा तांब्या. पोरी दमल्यात म्हणून आणलेलं साधं पाणी. पण तांब्या पुढे करावा की नाही, हे त्यांना कळेना. सगळा गाव बघत होता. शैलानं ट्रॉलीतून उडी मारली, तांब्या घेतला आणि घटाघटा प्याली. मग मी. मग सगळ्याच.

त्या पाण्याची किंमत चंद्राबाईंनी मोजली. पुढच्या हंगामात चेअरमनच्या रानात त्यांना बोलावणं आलं नाही. त्या दुसऱ्या गावच्या फडात चालत जाऊ लागल्या. विमलच्या वडलांनी स्थळ आणलं तेव्हा त्याच आडव्या आल्या. "आता मला कुणाच्या बांधावर मिंधं राहायचं न्हाई. पोरगी शिकंल," म्हणाल्या. आणि पोरगी शिकली. खेळाची शिक्षिका होऊन कवठे महांकाळला गेली ती तिकडचीच झाली. लग्न केलं नाही. शैलाचं मात्र मॅट्रिक होताच लग्न झालं, मोठ्या घरात. नंतर तिला कुणी खेळू दिलं नाही. एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "विमलला घरनं काहीच मिळालं न्हाई, म्हणून ती निघून तरी गेली. मला सगळं देऊन बसवलं." कोण वर आणि कोण खाली, हे आमच्या गावात एका शिडीवर कधीच मावलं नाही... हे मला त्या दोघींकडे बघून कळलं.

परवा मी कवठे महांकाळला जाऊन आले. तिच्या खोलीत दाराआड फक्कीचं पोतं होतं. तिच्या सगळ्या साड्यांच्या काठांना ती पांढरी भुकटी बसलेली. खोलीसमोरच्या शाळेच्या माळावर वारा फार. मैदान आखलं की संध्याकाळपर्यंत उडून जायचं, आणि ही निवृत्तीनंतरही रोज सकाळी पुन्हा आखायची, शिपायाला हात लावू द्यायची नाही. मी साड्यांच्या घड्या घालत होते, तर दारात दोन मुली आल्या. फक्की पाहिजे म्हणाल्या. मी घमेलं भरून दिलं. एक जण जरा थांबून म्हणाली, "आज्जी, दोरी धरायला येता का? बाई धरायच्या. दोरीबिगर रेघ वाकडी जातीया."

मी चप्पल दारातच सोडली आणि त्यांच्यामागे मैदानावर गेले. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. पलीकडच्या मुलीनं दोरी ताणली, आणि मी पाय रोवून घट्ट धरून उभी राहिले.