मालिनीची खळग्यांची ताटली

मुलांनो, तुमची मालिनीआजी गेल्याचा तिच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी ज्वारी मोड आणायला फडक्यात बांधत होते. महिना झाला, पण लिहायला बसले की हात भराभरा चालतो... कारण मला आठवतो तो सत्तर-एकाहत्तरचा आमचा नगरचा हिवाळा.

आम्ही दोघी एमएस्सीला होतो. मोडाच्या धान्यात पिष्ट फोडणारं एन्झाइम असतं. ते ज्वारीत जास्त की गव्हात, हे मोजायचं होतं. मालिनी पेजेत मोडाचं, म्हणजे मोड वाटून गाळलेलं, पाणी घालायची, त्यातले थेंब चिनीमातीच्या पांढऱ्या ताटलीच्या खळग्यांत टाकून आयोडीन सोडायची आणि पिष्टामुळे येणारा निळा रंग किती लवकर जातो ते पाहायची. मी तयार झालेली साखर ब्युरेटने, खुणांच्या काचनळीने, मोजायचे. तिच्याकडे ज्वारी जिंकली, माझ्याकडे गहू. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, नुसत्या डोळ्यांनी रंग पाहण्याचा काय भरवसा, आयोडीनचे आकडे काढून टाका. त्या आकड्यांवरच तर मालिनीचा प्रबंध उभा होता, आणि शेवगावला घरचे तिच्या लग्नासाठी आणखी वर्षभर थांबणार नव्हते.

रविवारी ती माझ्या खोलीवर आली. स्टोव्हवर दोन पातेल्यांत घट्ट पेज शिजवली, कोमट झाल्यावर एकीत ज्वारीच्या मोडांचं पीठ ढवळलं, दुसरीत गव्हाच्या. ज्वारीची पेज बघता बघता पाण्यासारखी झाली. गव्हाची जरा दाटच राहिली. तिने माझ्या तोंडात चमचा कोंबला. आनंदाच्या भरात तिची गावची बोली यायची.

“ज्वारीची गोड हाय का?”

“नाही. नुसती पातळ.”

“आन् गव्हाची?”

गव्हाची गोड होती! एन्झाइमं दोन होती. एक पिष्टाची साखळी मधेच तोडतं, म्हणून निळा रंग झटकन जातो; ते ज्वारीत जास्त. दुसरं टोकाकडून साखर सुटी करत येतं; ते गव्हात जास्त.

“अगं, तू एक मोजतीस, मी दुसरं. मग भांडतोय कशाला?”

सोमवारी पातेली सरांच्या टेबलावर. सरांनी चाखलं, चष्मा पुसला आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडायला सांगितल्या. वर मला टोमणा, साखर मोजणाऱ्या बाईंनी आधी चव घ्यायची होती.

ती ताटली तिच्या लेकीने मला आणून दिली. काल मी मोडाचं पाणी काढून पेजेत घातलं आणि खळग्यांत थेंब टाकून आयोडीन सोडत बसले. एका खळग्यात मालिनी मोडाचं पाणी कधीच येऊ देत नसे, तुलनेसाठी नुसती पेज आणि आयोडीन. मीही तो तसाच ठेवला. बाकीचे फिके होत गेले... आज सकाळी पाहिलं, तो कडेने सुकलाय, पण निळाच आहे.