मावशींच्या खोलीतून आलेली वायर

सांगलीत आम्ही भाड्यानं राहत होतो ती दगडी इमारत संस्थानच्या काळातली. जतन करायच्या इमारतींच्या यादीत तिचं नाव होतं, त्यामुळे दर्शनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकायची बंदी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी घरी कॉम्प्युटरवर पुस्तकं टाइप करून देत असे. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, फ्लॉप्या पाठवणं बंद करा, इंटरनेट घ्या. त्यासाठी आधी घरात फोन हवा होता.

टेलिफोनचा वायरमन आला, इमारतीभोवती फिरला आणि म्हणाला, "पुढनं जमायचं न्हाई. खांब मागच्या बोळात हाय. शेजारच्यांच्या आतल्या खोलीतनं वायर आणाय लागंल."

शेजारी मावशी राहत. मूळच्या आष्ट्याकडच्या, नवरा वारलेला, एकुलता मुलगा फौजेत. त्याच्या भरतीचे पेढे आम्हीही खाल्ले होते. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाव्हणं हायती, मागनं बघू." नंतर त्यांना ताप आला. मग खोलीत धान्य वाळत पडलं होतं. दर वेळी वायरमन परत जाई आणि त्याला पुन्हा गाठायला मला कचेरीत खेटे घालावे लागत. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांत माझा फोन खुपतोय. मी सरळ इमारतीच्या व्यवस्थापकांकडे गेले.

ते वायरमनला घेऊनच आले. मी त्यांच्या मागे.

"दार उघडा मावशी. इमारत ट्रस्टची आहे, तुमची नाही."

"आवं साहेब, आज नगं," म्हणत त्या आतल्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण मागे सरले नाही. त्या बाजूला झाल्या.

आत कॉटवर त्यांचा मुलगा बसला होता. दाढी वाढलेली, अंगात फौजेतला स्वेटर, तोंड भिंतीकडे.

"हा काश्मीरला होता ना?" व्यवस्थापकांनी मोठ्यानं विचारलं.

वायरमननं स्टुलावर चढून छिन्नीवर पहिला घाव घातला, आणि मुलगा दोन्ही कान दाबून कॉटखाली शिरला. एवढा धिप्पाड गडी. मावशी फरशीवर आडव्या झाल्या, हात घालून त्याचं डोकं चाचपत म्हणाल्या, "काय न्हाई रं बाळा. भित्तीला भोक पाडत्यात. मी हाय न्हवं हितं."

वायरमनचा हात थांबला.

"राहू द्या," मी म्हणाले. "नको मला फोन."

मावशी तिथूनच म्हणाल्या, "पाडा आता. बघायचं ते बघून झालं समद्यांचं. परत परत दार उघडाया लावू नगासा."

भोक पडलं, वायर आली, फोन लागला. संध्याकाळपर्यंत मुलाची गोष्ट इमारतभर झाली होती. नळावर एकीनं मला विचारलं, "खरंच का हो, वेड लागलंय त्याला?" मी बादली अर्धीच भरून परत आले. इंटरनेट जोडताना मोडेम चिरकायचा. तो आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर उशी दाबून धरायची. मावशी सज्जात दिसल्या की मी काहीतरी विसरल्यासारखं करून आत वळत असे.

एका दुपारी त्याच आमच्या दाराशी आल्या. "भावाला फोन लावून देशील?"

मी नंबर फिरवला आणि स्वयंपाकघरात गेले, तरी ऐकू येतच होतं. "दादा, पोरगं घरात हाय रं. दिवाळीपास्नं हाय. फौजेनं माघारी धाडलाय, डोस्क्याला बरं न्हाई त्याच्या... लाज वाटत हुती, म्हणून बोलले न्हाई." पलीकडून काय आलं कोण जाणे. मावशी हुंदके देत नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या.

भाऊ जीप घेऊन आला. मुलाला आधी मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि मग गावी मळ्यात न्यायचं ठरलं होतं. मी गाठोडी खाली न्यायला गेले. जिन्यात मावशींनी माझा हात धरला.

"तुझ्या फोनमुळं झालं बघ, पोरी. न्हाईतर किती दिस कोंडून ठिवला असता मी त्याला."

त्या मनापासून बोलत होत्या. दार मी त्याच्यासाठी उघडायला लावलं नव्हतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पोचलात की कळवा." मुलगा जीपमध्ये मागे बसला होता, मामाचा टॉवेल डोक्यावरून घेऊन. त्यानं मला नमस्कार केला. माझ्या दोन्ही हातांत गाठोडी होती. ती खाली ठेवायच्या आत जीप सुरू झाली, आणि भावानं गाठोडी माझ्या हातातून ओढून आत घेतली.