रीजिग म्हणजे

आमच्या माधवनगरच्या ऑफिसात नवा साहेब आला की म्हणतो, 'थोडं रीजिग करू.' टेबलं हलवायचा ठेक्यावरचा शिपाई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उचलण्याआधी तो टेबलाच्या प्रत्येक पायाशी खडूने खूण करायचा. "अगले साब वापस यहीं रखवाएँगे," म्हणायचा, आणि तसंच व्हायचं.

एकदा त्याने मला विचारलं, "साब, ये रीजिग मतलब?"

मी म्हटलं, इकडचं तिकडे करायचं. त्यात कुणाचं काही जात नाही.

या वेळचा नकाशा मीच काढला. त्यात त्याच्या स्टुलाला जागा नव्हती, त्यालाही नव्हती. जाताना त्याने स्टुलाच्या चारही पायांशी खुणा केल्या.

त्या अजून तशाच आहेत. फरशीही तोच पुसायचा.