मी खोडलेलं औषध

शिवाजी पेठेतल्या दवाखान्यात दुपारी पेशंट ओसरले की डॉ. मधुकर सर पुडीतले भाजके शेंगदाणे सगळ्यांना वाटत. मी रुजू झाले त्या दुपारी त्यांनी मलाही मूठभर दिले आणि विचारलं, "हे पोटातून पुढं सरकायला किती वेळ?"

कॉन्व्हेंटच्या शिस्तीतली मी. पाठ केलेलं उत्तर दिलं. "चार तास, सर."

"कुणाच्या पोटात?"

याचं उत्तर काही महिन्यांनी कुरुंदवाडच्या आक्कांकडून मिळालं. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. "काल सकाळची भाकरी आज सांच्याला उलटून पडतीया," त्या म्हणाल्या. "घरातली म्हणत्यात, म्हातारी नाटकं करती." बांगड्या कोपरापर्यंत सरकत, इतक्या त्या वाळल्या होत्या. दुर्बिणीतून पोटात पाहिलं, कुठं अडथळा नव्हता. जठरच संथ झालं होतं आणि नेहमीची औषधं मानवत नव्हती. सरांनी केसपेपरवर एरिथ्रोमायसिन लिहिलं. ताप नाही, जंतुसंसर्ग नाही, मग अँटिबायोटिक कशाला? सर दमले असतील असं समजून मी त्यावर लाल रेघ मारली.

सरांनी ती पाहिली. मी बोलणी खायच्या तयारीत.

"हे घेणारे काय तक्रार करतात?"

"पोटात कळ येते, सर."

"का येते?"

मी औषधांचं पुस्तक ओढलं, तोवर सरच म्हणाले,

"ते जठराला हलवतं म्हणून. इतरांना जो त्रास, तोच आक्कांना हवाय. थोडं देऊन बघूया की."

हृदयाचा आलेख काढून, चालू गोळ्या तपासून, जेवणाआधी अर्धा तास तेच औषध, मुलांना देतात त्या पातळ रूपात, अगदी थोडं सुरू झालं. "पोरांचं औषध मला व्हय?" आक्का हसल्या. सरांनी बजावलं, "काही आठवड्यांत पोटाला याची सवय होईल, मग थांबवायचं. तोवर साखर ताब्यात आणू."

चौथ्या दिवशी आक्कांनी सुनेला विचारलं, "आज काय केलंयस गं जेवायला?" सुनेनं येऊन हे सांगितलं, तेव्हा सरांनी ते वाक्य जसंच्या तसं केसपेपरवर उतरवलं.

तेव्हापासून सर प्रत्येक औषधापुढं ते का दिलं हेही लिहितात. म्हणतात, "पुढच्याला भांडता आलं पाहिजे."

सरांच्या सत्कारासाठी हा गौरव अंक काढणाऱ्या समितीला माझी विनंती: शाल सरांना द्यावी. या अंकाची पहिली प्रत आक्कांच्या सुनेला पोचवावी. मी जपलेला तो लाल रेघेचा केसपेपर, नाव झाकून, यंदा रुजू होणाऱ्या डॉक्टरांना द्यावा. आणि शेंगदाण्यांची पुडी सरांच्याच हाती ठेवावी. शंभरीतही ती त्यांना सुखानं पचो, आणि मूठभर देताना त्यांनी आम्हाला काहीतरी विचारावं.