हागारचं नाव आणि आर्याची आजी

मंडळी, "नोकरी सांभाळून हिब्रू कशाला शिकतोस? मोबाइलवर सगळं मिळतं," असं मला ऐकवणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट.

आज दुपारी इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखनच्या आमच्या मराठी उपासनेत उपदेश माझ्याकडे होता. विषय होता हागार, अब्राहामाच्या घरातली दासी. मराठीत ही गोष्ट मी दहा मिनिटांत वाचून मोकळा होतो. हिब्रूत मात्र ओळीवर बोट ठेवून, अडखळत, आठवडाभर वाचली. तेव्हा कुठे दिसलं, की अब्राहाम आणि सारा तिच्याबद्दल बोलताना नुसतं 'दासी' म्हणतात. तिला नावानं हाक मारतो तो फक्त देवदूत, तेही रानात. मराठी बायबलमध्येही हे आहेच. मीच धावत वाचत होतो.

आज हेच सांगितलं. मी खूश!

नंतर एक आजी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. नातीला सांभाळायला त्या अडीच महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आल्यात, गुरुवारी परत जाणार. दर रविवारी सगळ्यांचा चहा त्याच करतात.

मी सवयीनं म्हटलं, "थँक्यू हं, आर्याच्या आजी."

त्या हसल्या. "बाळा, माझं नाव सुलोचना."

हिब्रू मी सोडणार नाही, उलट आता दुप्पट जोमानं शिकणार. पण तुमच्याही ओळखीत अशी 'कुणाची तरी आजी' असेलच ना? तिचं नाव खाली लिहा. माहीत नसेल, तर आधी जाऊन तिला विचारा.