सायकलवाल्यांचे नाखवा

मुक्कामाची जागा आली की नाखवा आधी चपला काढत. आम्ही सायकली आडव्या टाकून पोटऱ्या चोळत बसलेलो असायचो आणि हे साठीचे गृहस्थ अनवाणी मैदानभर फिरत असायचे. कुठे टाच दाबत, कुठे नुसतेच उभे राहत. मग एखादी ओबडधोबड जागा दाखवून म्हणत, "हितं ठोका तंबू. जमीन पायाला समजते, डोल्याला नाय."

नाखवा गव्हाणचे, कोळी. खाडीत भराव पडत गेले, मासळी आटली, तेव्हा होडी विकून त्यांनी टेम्पो घेतला. हृदयाला छिद्र असलेल्या मुलांच्या ऑपरेशनांसाठी मदत गोळा करायची म्हणून नवीन पनवेलचे आम्ही नोकरदार दर डिसेंबरात सायकलने रत्नागिरीपर्यंत जायचो. चार दिवस, तीन मुक्काम. सामान वाहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून नाखवा आले.

पहिल्या वर्षी माणगावला आमच्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांनी मऊ, सपाट शेत निवडलं. नाखवा नको म्हणाले, साहेब नुसते हसले. पहाटे कालव्याचं पाणी सुटलं आणि साहेब गाढ झोपेतच भिजले. नाखवांनी ओल्या पथाऱ्या सायकलींच्या हँडलांवर वाळत घातल्या, सगळ्यांना चहा पाजला. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. त्या दिवसापासून मुक्कामाचे मालक तेच झाले. स्वयंपाकही त्यांच्याकडेच गेला, आणि घरी कांदासुद्धा न खाणारे साहेब दुसऱ्या वर्षी सुकट मागून घेऊ लागले.

तंबूबरोबर मिळालेल्या खुंट्या त्यांना पोरखेळ वाटायच्या. ते दोऱ्या दगडांना बांधत. गाठ अशी, की वाऱ्याने हलायची नाही आणि सकाळी एका हिसक्यात सुटायची. मला ती शिकवायचा त्यांनी तीन वर्षं प्रयत्न केला. शेवटी हात टेकले आणि म्हणाले, "बाय, तू आपले कागद सांबाल."

कागद सांभाळणं हेच माझं काम होतं. मी बँकेतली, त्यामुळे निघण्याआधी प्रत्येक सायकलस्वाराचं डॉक्टरी प्रमाणपत्र घेऊन फाइलला लावणं माझ्याकडे आलं. एकाचीही सही राहू देत नसे. त्याचा मला भारी अभिमान होता.

चौथ्या वर्षी पोलादपूरला दिवेलागणीच्या सुमारास मी पाणी घ्यायला टेम्पोमागे गेले. नाखवा फळीवर बसले होते. एवढ्या गारव्यात शर्ट घामाने चिंब, एक हात छातीवर. आमच्याबरोबर सायकल चालवणारे डॉक्टर वीस पावलांवरच्या तंबूत होते. मी हाक मारणार, तोच नाखवांनी माझं मनगट धरलं.

"नुको बाय. गॅस हाय. सांगशील तं पुढल्या वर्षी मना घरी बसवतील. होडी गेली माजी. आता ह्ये चार दिस पन काढून घेशील?"

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं, उठले आणि दोऱ्या तपासायला गेले. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्यावरच्या मायेपोटी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे त्यांच्याशिवायचा मुक्काम मलाच नको होता.

महिन्याभरात नाखवा गेले. घरीच, सकाळचा चहा घेताना. बातमी कळल्यावर मी फाइल काढून बसले. सायकल चालवणाऱ्या सगळ्यांची प्रमाणपत्रं होती. टेम्पो चालवणाऱ्याचं, तंबू ठोकणाऱ्याचं, आम्हाला रांधून घालणाऱ्याचं नव्हतं. मुलांच्या हृदयांसाठी आम्ही चार वर्षं कोकण पालथं घातलं, आणि आमच्या माणसाचं तपासावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आम्ही सात-आठ जण गव्हाणला भेटायला गेलो. नाखवांच्या पत्नी ओटीवर बसल्या होत्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी साधंच विचारलं, "तुमच्यात डाक्टर व्हता ना? चार दिस संगती व्हता. त्याला पन कललं नाय?"

डॉक्टर माझ्या शेजारीच होते. त्यांनी मान खाली घातली. "माझं लक्ष असायला हवं होतं, मावशी," एवढंच म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्यानंतर कधीच आले नाहीत. आता मी पहिलं प्रमाणपत्र टेम्पोवाल्याचं घेते. लोक माझ्या शिस्तीचं कौतुक करतात, तेव्हा तोंड लपवावंसं वाटतं.

डॉक्टर, हे तुमच्या वाचनात आलं, तर एवढंच सांगायचं आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला दिसलं होतं. मी तुम्हाला नुसती हाक मारायला हवी होती. ती मी मारली नाही, आणि त्या ओटीवर हे सांगितलंही नाही.